पडदे लागायच्या आधी

रात्रभर सुटलेला वारा सकाळीही थांबायचं नाव घेत नव्हता. गॅलरीतला पत्रा खडखडत होता, समोरच्या इमारतीवर कुठल्याशा टाकीचं झाकण उघडून पुन्हा आपटत होतं, आणि पडदेमास्तर खिडक्या घट्ट लावून इस्त्रीच्या टेबलापाशी उभे होते. राखाडी पडद्याची खालची दुमड वाफेनं बसवायची, सरळ आली का ते एक डोळा बारीक करून बघायचं, पडदा खुर्चीच्या पाठीवर टाकायचा आणि पुढचा ओढायचा. वाऱ्याचे दिवस धंद्याला बरे. एरवी आपल्या खिडक्यांना फटी आहेत हे ज्यांच्या गावीही नसतं, त्यांना अशा रात्री मानेला गार झुळूक लागते आणि सकाळी मास्तरांचा नंबर आठवतो.

बेताची उंची, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा, शर्टाच्या खिशात खडू. खडूमुळे झाडून सगळ्या शर्टांच्या खिशांना पांढुरका डाग, तो धुऊनही जात नाही. त्यांना आईबापांनी काहीतरी नाव ठेवलं होतं, पण विजेचं बिल सोडलं तर ते आता कुठं दिसत नाही. गिऱ्हाइकं, दुकानदार, रंगवाले, सुतार, सगळ्यांना ते पडदेमास्तर.

घर म्हणजे दोन खोल्या. एकीत मास्तर राहायचे, दुसरीत कापड राहायचं. आणि गेल्या काही वर्षांत कापडानं पहिल्या खोलीतही पाय पसरले होते. खाटेखाली अस्तराचे गठ्ठे, दाराआड रॉड, कपाटावर चुण्यांच्या पट्टीची भेंडोळी. या सगळ्यात भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली गिटार. तिची खोळ मास्तरांनीच शिवलेली, कुणाच्या तरी सोफ्याच्या उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाची. आतून जाड अस्तर, वरून दुहेरी शिवण. बघणाऱ्याला वाटावं, दुधी भोपळा मढवून टांगलाय.

गिटार त्यांच्याकडे आली ती तिशी उलटल्यावर. एक कुटुंब घर सोडून चाललं होतं, त्यांचे पडदे उतरवायला मास्तर गेले होते. गॅलरीत ही पडलेली, दोन तारा तुटलेल्या. "न्या हो मास्तर, नाहीतरी कचऱ्यातच जायची," असं त्या घरची बाई म्हणाली आणि मास्तरांनी पडद्यांच्या गठ्ठ्यावर तिला आडवी टाकून घरी आणली. पुढं एका हॉटेलात वाजवणाऱ्या माणसानं चार गोष्टी दाखवल्या, बाकीचं फोनवर बघून बघून. तिच्यावरून घरात भांडण असं कधी झालं नाही. बायको स्वयंपाकघरातून एवढंच ओरडायची, "झालं का तारा खाजवून? जेवण निवलं!" बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली. जेवण निवलं म्हणून सांगणारं कुणी उरलं नाही, आणि जेवण मात्र रोज निवायला लागलं.

गिटारीनं त्यांच्या हातांची वाटणी करून टाकली होती. डाव्या हाताच्या बोटांना तारांचे घट्टे पडलेले, त्यामुळे जाड कापडातून सुई रेटायला मास्तरांना बोटात अंगुस्तान चढवावं लागत नाही. उजव्या हाताचं उलटं. वाजवायला उजव्या हाताची नखं वाढवावी लागतात आणि पडद्याला कड्या ठोकताना नेमकी तीच तुटतात. हॉटेलाचं किंवा दवाखान्याचं मोठं काम आलं की मास्तर आनंदाच्या आधी नखांकडे बघतात.

दुसऱ्यांची गाणी वाजवण्याची त्यांना फारशी हौस नाही. शिवता शिवता डोक्यात काहीतरी घोळायला लागतं, तेच ते बोटांवर बसवतात. लिहून ठेवता येत नाही, म्हणून नावं दिलेली, आणि नावं ज्या कामाच्या वेळी ते सुचलं त्या कामाची. 'डॉक्टरीणबाईंचे निळे'. 'जिन्यातली खिडकी'. एकाचं नाव 'उलटं अस्तर', कारण ते डोक्यात चालू असताना मास्तरांनी एका लग्नघराचं सगळं अस्तर उलट्या बाजूनं जोडलं आणि मग रडकुंडीला येऊन उसवलं.

नवं काही बसलं की ते फोनवर रेकॉर्ड करायचं. शिलाई मशीनचा खण उघडायचा, फोन त्यात उभा करायचा, मागून चिंध्यांचा टेकू द्यायचा. इतकी वर्षं झाली, पण लाल ठिपका पेटला की घोटून घोटून बसवलेला तुकडा बोटांतून पळतोच. फोटो काढताना लहान मूल हसायचं विसरतं, तसं. कधी खुर्ची करकरते, कधी वरच्या मजल्यावर कुणी टेबल सरकवतं. एकदा सगळं निर्वेध पार पडलं आणि ऐकायला बसले, तर मधोमध स्वतःचंच नाक ओढलेलं. आणि एवढं करून हाती काय येतं, तर गोणपाटात गुंडाळल्यासारखा आवाज. मास्तर गिऱ्हाइकांना नेहमी सांगतात, "बाई, जाड कापड लावा, बाहेरचा आवाज निम्मा होईल." तेच कापड त्यांच्या घरात आतला आवाज निम्मा करत होतं. सूर निघाला की दोन हात जायचा आणि अस्तराच्या गठ्ठ्यात जिरायचा.

हे सगळं रेकॉर्डिंग जायचं एकाच ठिकाणी. लेकीकडे.

लेक एकुलती एक, दूरच्या शहरात. मालवाहतुकीच्या कचेरीत कामाला. कुठली गाडी कुठं अडकली, कुणाचं टायर गेलं, कुणाला गोदामाचं दार सापडत नाही. दिवसभर ड्रायव्हर लोक फोनवर बोलून पाठवतात आणि ही ऐकून वाट दाखवते. रविवारी तिचा फोन येतो. "जेवलात का, औषध घेता ना, बरं ठेवते." मास्तर 'हो, हो, ठेव' एवढं म्हणेतो संपतो. तिचा दोष नाही. आठवडाभर कान दुसऱ्यांना दिलेल्या माणसाकडे रविवारी कान उरतातच किती?

पण रेकॉर्डिंग पाठवलं की तिचं उत्तर हमखास यायचं, आणि तिच्या आवाजात यायचं. 'जिन्यातली खिडकी' पाठवलं तेव्हा आलं, "बाबा! अहो काय बोटं पळतात तुमची! आग आहे आग!"

मास्तरांनी ते पुन्हा लावून ऐकलं. आग? 'जिन्यातली खिडकी' हा संथ तुकडा. दुपारी जिन्यात ऊन उतरतं आणि एकेक पायरी मागं सरकत जातं, तसा. त्यात आग कुठली? आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. तुकडा वाजून संपायला जेवढा वेळ लागावा, त्याच्या आतच तिचं कौतुक येऊन पडायचं. म्हणजे पोर सुरुवातीचं जरासं ऐकते आणि बापाचं मन राखते, अशी त्यांनी समजूत करून घेतली. वाईट वाटलं, पण मन राखावंसं वाटतं हेही काही थोडं नाही, असं म्हणून ते पुन्हा कड्या ठोकायला बसले.

या खेपेला मात्र तसं म्हणून भागणार नव्हतं. नवा तुकडा झाला होता, 'लांब पडदा, अस्तरासह', आणि तो तिचाच होता.

लेक तान्ही होती तेव्हा मशीनच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगावर झोपायची. पायमशीन चालू असलं की झोप, थांबलं की भोकाड. काम संपलं तरी मशीन थांबवायची सोय नाही. मग मास्तर दोरा काढून, सुई वर करून, नुसतं पाय हलवत बसायचे. कापड नाही, टाका नाही, रिकामं मशीन संथ चालतंय. घाई केली की ती जागी व्हायची. बायको म्हणायची, "हा बघा, हवा शिवतोय." नव्या तुकड्यात खालच्या दोन तारांवर अंगठ्यानं तीच चाल धरली होती आणि वर जेमतेम चार सूर, तेही थांबून थांबून. मास्तरांना एवढंच हवं होतं की तिनं ते ऐकावं आणि म्हणावं, बाबा, हे काय, हे तर मशीन! सांगून नव्हे. आपणहून.

तर त्या वाऱ्याच्या सकाळी राखाडी पडदे घरीच ठेवून, नुसते रॉड घेऊन मास्तर एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गेले. घर एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं. आज रॉड बसवायचे, पडदे मागून. आत रंगवाला शेवटचा हात मारत होता. मास्तर आणि रंगवाला यांची गाठ अशीच पडायची, कुणाच्या ना कुणाच्या रिकाम्या घरात. रंगवाला वयानं लहान आणि तोंडानं मोठा.

"या मास्तर! आलात का माझ्या भिंती झाकायला? इतकं जीव तोडून रंगवायचं, आणि तुम्ही येऊन वर गोधडी टांगणार."

"तुझ्या भिंती झाकायलाच मला बोलावतात. लोकांना लाज असते."

रंगवाला खदखदून हसला आणि ते हसणं रिकाम्या हॉलमध्ये फिरून परत आलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायकोनं काहीतरी बोलून पाठवलं होतं. हात रंगानं भरलेले, म्हणून त्यानं कोपरानं फोन शिडीवर सरकवला आणि करंगळीनं लावला. बाईचा आवाज सुसाट सुटला. सिलिंडर, फी, सासूचा गुडघा, येताना दोरी, सगळं एका श्वासात. आवाज बाईचाच, पण गाडी सुटायला आल्यासारखा.

"का रे, वहिनी एवढ्या घाईत का?" मास्तरांनी विचारलं.

"घाईत ती नाही, मी आहे. दुप्पट वेगानं लावलंय. हे बघा, इथं दाबायचं. नाहीतर तिचं ऐकता ऐकता माझा दुसरा कोट वाळून जाईल."

"प्रत्येक वेळी दाबावं लागतं?"

"छे! एकदा दाबलं की मग जे येईल ते तसंच पळतं. पुन्हा दाबून कमी केलं तरच कमी होतं. कमी कोण करतंय? आमच्या घरात सगळे असंच ऐकतात."

मास्तरांच्या हातातला स्क्रू तसाच राहिला. "सगळंच पळतं? कुणी वाजवून पाठवलेलंसुद्धा?"

"फोनला काय कळतंय, गाणं आहे की गाऱ्हाणं?"

मास्तरांनी स्वतःचा फोन काढून रंगवाल्यापुढं धरला. "हे लाव बरं. तसंच."

रंगवाल्यानं 'जिन्यातली खिडकी' लावली आणि दाबलं. जिन्यातलं ऊन पायऱ्यांवरून धडाधड कोसळत खाली आलं. बोटं खरंच पळत होती. आग होती आग.

"अरे वा!" रंगवाला ब्रशनं ताल धरत म्हणाला. "मास्तर, हे भारीच आहे की! यावर नाचता येईल."

मास्तर पालथ्या घातलेल्या रंगाच्या बादलीवर बसले. पोर सुरुवातीचं ऐकून सोडून देत नव्हती तर. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होती. ड्रायव्हरांचं ऐकते तसं, त्याच वेगानं, त्याच कानानं. बरं वाटावं की वाईट, हेच त्यांना कळेना.

रंगवाल्याला थोडक्यात सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्यात काय एवढं? सांगून टाका पोरीला."

"काय सांगू? तू बापाचं नीट ऐकत नाहीस म्हणून?"

"म्हणजे तसं नाही..."

"सांगितलं तर ऐकेल रे. हातातलं टाकून ऐकेल. पण मग आपलं चुकलं हेच तिच्या डोक्यात राहील. वाजवलेलं कुठं शिरणार?"

रंगवाला ब्रश उचलून दाराच्या चौकटीकडे वळला. मास्तरांनी रॉड बसवले. दोन भोकं चुकली, ती भरावी लागली. असं कधी होत नसे.

उपाय सुचला तो दोन दिवसांनी, आणि सुचला तो पडदेवाल्यालाच सुचावा असा. जाड सुती कापड पहिल्या धुण्याला आटतं. म्हणून जाणता शिवणारा मापापेक्षा लांब कापतो. आज जमिनीवर लोळलेलं दिसलं तरी चालेल, धुतल्यावर बरोबर बसतं. मास्तर असंच एक कापड फरशीवर पसरून, खडूनं वाढीव खूण करत होते आणि खडू तसाच थांबला. सूरही तिकडे जाऊन आटणार आहे ना? निम्मा होणार आहे ना? मग आधीच दुप्पट लांब कापायचा.

म्हणजे 'लांब पडदा' निम्म्या चालीनं वाजवायचा. तिकडे दुप्पट पळाला की बरोबर मापात.

बोलायला सोपं होतं. जलद वाजवताना बोटं एकमेकींना ओढून नेतात. इतक्या हळू वाजवायचं म्हणजे प्रत्येक बोटाला एकट्यानं चालायला लावणं. अंगठा एक सूर टाकायचा आणि मग नुसती वाट. वाट बघताना मन भटकायचं, बोट लवकर पडायचं. मास्तरांनी पायमशीनचा पट्टा काढला, मोकळ्या पायट्यावर पाय ठेवला आणि निम्म्या वेगानं हलवत वाजवू लागले. गुडघे भरून आले. शेजारीण काही मागायला आली ती दारातच थबकली. "मास्तर, मशीन बिघडलं का हो?" "मशीन नाही," मास्तर म्हणाले. शेजारीण थोडा वेळ उभी राहिली आणि न मागताच गेली.

आठवडाभरात चाल बसली. पण ऐकून बघितलं, तर नुसत्या टाचण्या पडल्यासारखं. सूर पुढच्या सुराची वाट बघेपर्यंत कापडात मरून जायचा. मध्ये काही उरायचंच नाही. त्याला उभं राहायला जागा हवी होती, गुळगुळीत भिंती, मोकळी फरशी. आणि तशी जागा गावात मास्तरांच्या ओळखीची एकच होती, जिथं त्यांना पडदे लावायचे होते आणि लावले की ती तशी राहणार नव्हती.

मुख्याध्यापिकाबाईंचा फोन रोज यायला लागला होता. "मास्तर, पडद्यांचं काय? समोरच्या इमारतीतले लोक आमच्या घरात बघतात."

"बाई, तुम्ही राहायला कुठं आलात अजून? बघून बघून काय बघणार?"

"रिकामं घर तरी का बघावं त्यांनी?"

"रॉडची भोकं भरलीत, ती नीट वाळू द्या. दोन दिवस." भोकं त्याच दिवशी वाळली होती.

वारा पडला त्या दिवशी सकाळी मास्तर गेले. एका खांद्यावर पडदे, दुसऱ्या खांद्यावर मढवलेला भोपळा. हॉलमध्ये रंगाचा वास होता आणि कोवळं ऊन फरशीवर पसरलं होतं, अडवायला काही नव्हतं. त्यांनी फोन खिडकीच्या कठड्यावर उभा केला. पडद्यांचं गाठोडं आठवणीनं बाहेर जिन्यात ठेवून आले. तेवढंही कापड आत नको. मग शिडीच्या खालच्या पायरीवर बसून पहिला सूर टाकला.

सूर गेला, समोरच्या भिंतीला लागला आणि परत येऊन त्यांच्याजवळ बसला. मास्तर तसेच थांबले. इतक्या वर्षांत आपल्या गिटारीचा आवाज असा आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दुसऱ्याच्या घरातलं पोर जसं शहाण्यासारखं वागतं, तशी ती वागत होती.

पहिल्या खेपेला ते ऐकतच बसले आणि पुढचं विसरले. दुसऱ्या खेपेला खाली कुणीतरी ड्रिल लावलं. तिसऱ्या खेपेला अंगठा चालू लागला आणि चालत राहिला. सूर, वाट, सूर, वाट. मास्तरांचा उजवा पाय फरशीवर आपसूक हलत होता, खाली पायटा नसताना. शेवटचा सूर भिंतींतून पुरता निघून जाईपर्यंत ते हलले नाहीत. मग उठून लाल ठिपका बंद केला.

"शिकताय वाटतं?"

दारात मुख्याध्यापिकाबाई, हातात किल्ली. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"या वयात म्हणजे कौतुक आहे," बाई समजुतीनं म्हणाल्या. शाळेत कच्च्या मुलांशी बोलायचा सूर असतो ना, तो. "अजून अडखळतंय, पण सोडू नका. हळूहळू जमेल."

"हो बाई," मास्तर म्हणाले.

"आणि ती भोकं वाळली का?"

"वाळली. उद्या लावतो."

घरी येऊन त्यांनी दार लावलं आणि रंगवाल्यानं दाखवलं होतं तसं दाबून स्वतःचं वाजवणं दुप्पट वेगानं लावलं. नखांचा टोचरेपणा जरासा वाढला होता, पण चाल ती होती. टेबलाखालची, चिंध्यांवरची, रिकाम्या मशीनची. पडद्याचं माप पहिल्या फटक्यात बरोबर आलं की मास्तर मान हलवतात, तशी त्यांनी मान हलवली. लेकीला पाठवलं. खाली काही लिहिलं नाही.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. संध्याकाळी त्यांनी फोन उघडून बघितला. तिनं ऐकल्याची खूण आली होती. आणि तरी उत्तर नाही. ओळखलं असेल, असं त्यांना वाटलं. ओळखलं असेल म्हणूनच लगेच बोलता आलं नसेल. जेवण निवलं तरी ते फोन समोर ठेवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते शिडीवर चढून मुख्याध्यापिकाबाईंच्या हॉलमधला दुसरा पडदा रॉडमध्ये ओवत होते, तेव्हा फोन वाजला. कामाच्या वारी, भर सकाळी, लेकीचा.

"बाबा, कुठं आहात?"

"शिडीवर."

"आधी खाली उतरा."

"उतरलो. काय झालं?"

"मला काही नाही झालं. तुम्हाला काय झालंय ते विचारायला केलाय. ते काल पाठवलंत ना, पूर्ण ऐकलं मी."

मास्तरांनी शिडीला पाठ टेकवली. "मग?"

"छान आहे. म्हणजे, छानच आहे. पण बाबा, किती हळू झालात हो तुम्ही! मागचं ते जिन्याचं, काय बोटं पळत होती! आणि हे म्हणजे एक झाला की दुसरा येतोय का नाही, असं. दमलात का? बोटं दुखतात का? खरं सांगा."

फरशीवर उरलेल्या कड्या पसरल्या होत्या. मास्तर त्या पायानं गोळा करू लागले.

"मी इथं सगळ्यांना ऐकवते तुमचं," लेक सांगत होती. "आमचे साहेबसुद्धा म्हणाले, तुझे वडील या वयात असं वाजवतात? म्हटलं, मग! आणि कालचं ऐकून मला एकदम धस्स झालं. रात्रभर वाटत होतं, करावा का फोन, करावा का फोन."

फोनवर कुठं दाबायचं तेवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. एक वाक्य. पण त्या एका वाक्यानं जिन्यातली आग विझली असती, साहेबांपुढचं 'मग!' विझलं असतं, आणि पोरीला मागचं सगळं ऐकणं आठवून आठवून ओशाळं व्हावं लागलं असतं. मास्तरांनी घसा साफ केला.

"बोटं जराशी आखडलीत खरी. मध्ये वारा होता ना इकडे."

"तरी मला वाटलंच! मग थोडे दिवस वाजवू नका. हात गरम पाण्यात धरा. आणि ती जाड कापडाची कामं घेऊ नका."

"बरं."

"आणि रागावणार नसलात तर एक सांगू? मला ते ऐकताना इतकी झोप आली ना! टेबलावर डोकं टेकलं आणि डोळाच लागला. शेजारचीनं कोपर मारलं तेव्हा जाग आली."

मास्तरांचा कड्या गोळा करणारा पाय थांबला.

"रागावलात ना?"

"नाही गं. पूर्ण ऐकलं म्हणालीस ना मगाशी?"

"म्हणजे... वाजलं पूर्ण." ती हसली. मग म्हणाली, "काय माहीत काय झालं. दुपारी मला कधी झोप येत नाही."

"दमली असशील तू."

"मी? मी कशाला दमतेय?" आणि मग, कशी कोण जाणे, ती सांगत बसली. घरमालक गळका नळ बघून जातो आणि दुरुस्त करत नाही. शेजारची मैत्रीण नोकरी सोडून चाललीय. खिडकीतून सकाळी डोळ्यांवर ऊन येतं. मास्तर हूं हूं करत होते. रविवारच्या फोनपेक्षा कितीतरी जास्त बोलली. एकदा त्यांच्या तोंडात आलं होतं, तू लहान असताना मशीनखाली, असं. पण तिकडे कुणीतरी तिला हाक मारली.

"बाबा, ठेवते. एक गाडी चुकीच्या गोदामाला जाऊन उभी राहिलीय. हात गरम पाण्यात धरा बरं का! आणि लगेच काही पाठवू नका. बरं वाटलं की मगच."

"बरं. खिडकीचं माप पाठव."

"कुठल्या?"

"ऊन येतं ती."

"बघते वेळ झाला की." फोन बंद झाला.

हॉलच्या अर्ध्या भागात पडदे लागले होते. मास्तर पुन्हा शिडीवर चढले, उरलेल्या कड्या ओवल्या, पडदा सोडून खाली आले आणि लांब जाऊन बघितलं. चुण्या सारख्या पडल्या होत्या. फक्त डावीकडचा पडदा बोटभर लांब, फरशीवर टेकत होता. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, खिशातून पातं काढलं आणि फरशीवर मांडी घालून त्याची दुमड उसवायला घेतली.